एका जागेसाठी तीन अर्ज

टपाल खात्यात तीस वर्षं काउंटरवर बसून ताईने लोकांचे इतके फॉर्म तपासले होते, की कुणी नुसतं पेनाचं टोपण काढलं तरी हा माणूस कुठल्या रकान्यात घसरणार हे तिला कळायचं. त्यामुळे अनुदानाची जाहिरात आली तेव्हा तिने ती कात्रीने नीट कापली, भिंतीवर चिकटवली आणि जाहीर केलं, "हा अर्ज मी भरणार. मध्ये कुणी लुडबुड करायची नाही."

लुडबुड करणारे दोघेच होते. एक तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळा बाजार उस्ताद म्हणायचा, कारण त्याच्या तोडीचा दोर वळणारा आसपास दुसरा उरलाच नव्हता. दुसरे टोले. हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौकातल्या उंच मनोऱ्यात पाच घंटा होत्या, त्या वाजवणाऱ्या मंडळाचे हे प्रमुख. तासातासाला टोले देत आयुष्य गेलं, म्हणून टोले. घंटांना लागणारे दोर ते ताईच्या कारखान्यातून न्यायचे आणि महिना-दीड महिन्यात झिजलेला दोर खांद्यावर टाकून पुन्हा हजर व्हायचे.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब शेड. रुंदी दोन खाटा मावतील एवढी आणि लांबी अडीचशे फूट. आजोबांनी बांधलेली. दोर वळायला सरळ लांब जागा लागते, म्हणून तिचं एक दार मोठ्या रस्त्यावर आणि दुसरं पार बाजारामागच्या गल्लीत उघडायचं. मधे कुठेतरी बाजूच्या बोळातही एक बुटकं दार होतं. छप्पर दहा ठिकाणी गळत होतं, दोर पिळायच्या चाकाचे दाते झिजले होते, आणि उस्तादचा हात शिकून घ्यायला कुणी येत नव्हतं. निवृत्त झाल्यावर ताईने दोरवळण जतन संस्था रीतसर नोंदवली होती, पण संस्थेकडे मोठा शिक्का सोडला तर फारसं काही नव्हतं.

अनुदान होतं संगीत, वारसा आणि पारंपरिक कारागिरी जपणाऱ्यांसाठी. अर्जात या तिन्हींच्या तीन चौकटी होत्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, एकाच चौकटीत खूण करावी.

"कारागिरी," ताई म्हणाली आणि पेन उचललं.

"वारसा," उस्ताद म्हणाला. "आजोबांचं चाक आहे. त्यांच्या हाताचे घट्टे पडलेत त्या मुठीवर."

टोले चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मी आपलं बाहेरचा माणूस म्हणून बोलतो. पण दोराशिवाय घंटा म्हणजे नुसतं लोखंडी घमेलं. हे संगीतच झालं."

"घंटा पितळेची असते, टोले."

"मग पितळी घमेलं."

तीन दिवस हा वाद चालला. शेवटी उस्तादने हात झटकले. "तुझं तू बघ, ताई. मी कागदाला हात लावणार नाही. माझा हात तागाला लागतो तेवढा पुरे." टोलेही मान खाली घालून "तुमच्या मनासारखं होऊ द्या" म्हणाले. दोघं इतक्या सहज गप्प बसले, तेव्हाच खरं तर ताईला शंका यायला हवी होती. पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाहीत. तिने कारागिरीच्या चौकटीत ठसठशीत खूण केली, अर्ज पाठवला, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं: तपासनीस येत आहेत, दुपारी तीन वाजता.

त्या दिवशी ताईने शेड झाडून लख्ख केली. शेडच्या मध्यावर आडवा कॅनव्हासचा पडदा होता, गळतं पाणी अडवायला लावलेला. अलीकडचं सगळं तिने नावांच्या चिठ्ठ्या लावून मांडलं. उस्ताद अधिकाऱ्यांसमोर नको ते बोलतो, म्हणून त्याला तिने सकाळीच सांगितलं, "आज तू बाहेर राहा."

"राहतो की," उस्ताद म्हणाला. त्याने दाढी केली होती. अंगात नवा सदरा होता. ताईला वाटलं, बहिणीचा मान राखतोय.

तपासनीस बाई पस्तिशीच्या आतल्या, चष्मेवाल्या, हसऱ्या. खांद्याला फुगलेली बॅग आणि पायात कोरे करकरीत बूट. ते बूट चावत होते हे दर पावलाला त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. ताईने त्यांना ताग विंचरायची फणी दाखवली, सूत कातून दाखवलं, नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. बाईंनी सगळं टिपून घेतलं.

"पडद्यापलीकडे?"

"छप्पर गळतं. अंगावर काही पडायला नको," ताई म्हणाली.

सगळं कसं आखल्यासारखं पार पडलं. ताई बाईंना दारापर्यंत सोडायला गेली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. आणि तेवढ्यात बाई बूट सैल करत म्हणाल्या, "ही बाजारामागची गल्ली कुठे आली हो? साडेचारला तिथे एक वारसा अर्ज बघायचाय. कुणी दोरवाले कारागीर आहेत."

ताईचे पाय जमिनीवर आले.

"कोण?" तिने विचारलं, जणू काही गावात दोरवाल्यांची रांग लागली होती.

"नाव असं नाही, उस्ताद म्हणून सही केलीय."

"असं सरळ जा," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मग बाजाराला वळसा. दहा मिनिटं लागतील. तुमच्या बुटांना पंधरा."

बाई कोपऱ्यावर वळल्या मात्र, ताईने दार लावलं, पदर खोचला आणि ती शेडमधून धावत सुटली. टपाल खात्यात तीस वर्षं बसून काढलेली बाई साठाव्या वर्षी अडीचशे फूट पळाली. पडदा बाजूला करायचं भान राहिलं नाही, ती त्यातूनच घुसली आणि अर्धा पडदा अंगावर घेऊनच पलीकडे निघाली.

पलीकडे उस्ताद स्टुलावर बसून आजोबांच्या तसबिरीची काच पुसत होता. बाजूला, बोळाच्या दाराशी, इस्त्रीचा शर्ट घालून टोले उभे होते.

"कागदाला हात लावणार नव्हतास ना रे!"

उस्ताद ताडकन उभा राहिला. सहा फुटी माणूस, पण चेहरा दुधाचं भांडं पालथं करणाऱ्या पोराचा. "ताई, तू इकडे कशी?"

"बाई येताहेत. तुझ्या दाराने. अरे, नियम वाचलास का? एका जागेसाठी एकच अर्ज! दोन दिसले की दोन्ही बाद!"

"मला वाटलं, चौकट वेगळी म्हणजे अर्ज वेगळा," उस्ताद पुटपुटला. "आणि पत्ता पण मागचा दिलाय मी."

मागून खाकरल्याचा आवाज आला. टोले इस्त्रीच्या शर्टात आक्रसून गेले होते.

"तीन," ते म्हणाले.

"काय तीन?"

"अर्ज. तीन आहेत. संगीताचा मी... मंडळाच्या नावाने. जागा म्हणून या दाराचा पत्ता दिला. मी नेहमी इथूनच येतो ना."

ताईने डोक्याला हात लावला आणि तिला हसू फुटलं. रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. तशी ती हसायला लागली की थांबायची नाही. उस्ताद गोंधळून बघत होता, टोलेंनाही हसू आवरेना, आणि मागच्या दारावर थाप पडली तेव्हा तिघंही भिंतीला धरून हसत होते.

"लपा!" उस्ताद म्हणाला.

ताई तागाच्या ढिगामागे गेली. टोले तिच्या मागोमाग आले, कारण दुसरा ढीगच नव्हता. त्यांच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. ताईने तोंडात पदर कोंबला.

पहिली दहा मिनिटं उस्तादने छान निभावली. आजोबा, चाक, मुठीवरचे घट्टे. मग बाई म्हणाल्या, "प्रत्यक्ष दोर वळताना बघायला मिळेल?"

इथे उस्तादची शुद्ध हरपली. कामाचा विषय निघाला की त्याला जगाचा विसर पडे. सकाळपासूनच त्याने तीन सुतं मागच्या अर्ध्या शेडभर ताणून ठेवली होती: पडद्यापाशी चाकाच्या तीन आकड्यांत, मागच्या टोकाला लाकडी घसरगाडीच्या एका आकड्यात. चाक फिरलं की सुतांना पीळ बसतो, ती आखडतात आणि गाडी हळूहळू पुढे ओढली जाते. मधे एकाने तीन खाचांचा लाकडी लट्टू धरून चालायचं, म्हणजे लट्टूच्या मागे सुतं एकमेकांत वळून दोर तयार होतो. एकट्याचं काम नव्हे. एकदा सुरू केलं की थांबायची सोय नाही, थांबलं की दोरात गाठी पडतात आणि सगळा माल वाया.

उस्तादने लट्टू उचलला आणि टोले आलेले असले की नेहमी मारायचा तशी हाक मारली, "ताई, चाक! टोले, गाडी!"

हाक तोंडातून निघाल्यावर त्याने जीभ चावली. ढिगामागे ताईने डोळे मिटले. मग तिने विचार केला, सुतं ताणलेली आहेत, हवा दमट आहे, आज वळलं नाही तर हा सगळा ताग गेला. ती उठली. डोक्यात तागाचे धागे, गालाला धूळ.

"अय्या, तुम्ही!" तपासनीस बाई म्हणाल्या.

"मीच. नंतर काय ते बोलू," ताई म्हणाली आणि पडद्यापाशी, चाकाकडे चालू लागली. टोले खाली बघत गाडीपाशी गेले.

"आणि हे?"

"संगीत," टोले म्हणाले.

बाईंनी बॅगेतून तिसरी फाईल काढली, पत्ता पाहिला, बुटक्या दाराकडे पाहिलं आणि मटकन घसरगाडीवरच बसल्या.

"बसा, बसा," उस्ताद खुशीत ओरडला. "गाडीवर वजन लागतंच. नाहीतर दगड ठेवावे लागतात. बूट काढलेत तरी चालेल!"

बाईंनी खरंच बूट काढले. ताईने चाक फिरवायला घेतलं. सुतं गुणगुणायला लागली, गाडी तसूतसूने सरकू लागली, आणि टोले मागून तिला धरून, सरकू द्यायची पण पळू द्यायची नाही असं बघत होते. बाईंनी फायली मांडीवर घेतल्या आणि मोज्यांतले पाय हलवत म्हणाल्या, "मग आपण वाचूनच बघू, तिन्ही अर्ज एकाच जागेचे आहेत का. संस्थेचा अर्ज: उद्दिष्टे, कलम एक, कलम दोन..."

तो ताईचा होता. बिनचूक आणि कोरडा ठणठणीत. बाईंनी दोन कलमं वाचली आणि जांभई दाबली.

"आता वारसा. 'हा कारखाना कुणी टिकवला असं विचाराल तर मी नाही. मला फक्त वळता येतं. माझी बहीण पगारातून ताग आणायची आणि मला सांगायची की उधारीवर मिळाला. मला ते माहीत होतं. मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो.'"

लट्टू धरून चालणाऱ्या उस्तादचे कान लाल झाले. ताई पार शंभर फुटांवर होती. चाकाच्या खडखडाटात तिला काही ऐकू येत नव्हतं. "काय म्हणाल्या रे?" ती ओरडली.

"छप्पर गळतं म्हणाल्या!" उस्ताद ओरडला.

"मला ऐकू येत नाही इथे! जे वाचतील ते मोठ्याने सांग मला, शब्दाला शब्द! सगळं कळलं पाहिजे, मग सावरता येईल!"

"आता संगीत," बाई म्हणाल्या. गाडीमागे टोले एकदम ताठ झाले.

"बाई, ते नका वाचू. ते गोपनीय असतं ना?"

"वाचावं तर लागेलच. 'पुढील पाच वर्षांच्या योजना.'"

"पुढील पाच वर्षांच्या योजना!" उस्तादने इमानदारीत दवंडी पिटली. त्याचं सगळं लक्ष लट्टूवर होतं.

"'एक, मनोऱ्यातल्या पाचही घंटांना नवे दोर.'"

"पाचही घंटांना नवे दोर!"

"'दोन, दोरकारखान्यातल्या ताईंना लग्नाचं विचारणे.'"

"दोन, कारखान्यातल्या ताईंना लग्नाचं विचारणे!" उस्ताद ओरडला, चार पावलं चालला आणि मग आपण काय ओरडलो ते त्याच्या कानावर पडलं.

चाकाचा वेग वाढला.

"ताई, हळू! ताग तुटेल!"

"मी हळूच फिरवतेय!" ताई ओरडली. ती अजिबात हळू फिरवत नव्हती. तिच्या हातापायांत कुणी तरी वीज सोडली होती. थांबता येत नव्हतं, पळता येत नव्हतं, तोंड लपवायला हात मोकळे नव्हते. "पुढे काय लिहिलंय?"

बाई आता गाडीवर मांडी ठोकून बसल्या होत्या. "'योजनेतील जोखीम: ताई नाही म्हणतील.'"

"ताई नाही म्हणतील!" उस्तादचा आवाज फाटला. तो हसत होता की रडत होता, कळत नव्हतं.

"'जोखमीवरील उपाय: आत्ता करतो तेच. दोर एरवी दोन वर्षं टिकतो. मी तो दर महिन्याला मनोऱ्याच्या दगडावर घासतो, म्हणजे कारखान्यात जाता येतं.'"

उस्ताद हे सांगता सांगता मधेच कोसळणार होता. "ताई! हा माझे दोर घासतो! मुद्दाम! दगडावर! अकरा वर्षं मी ताग बदलून बघतोय, वाण बदलून बघतोय, मला रात्र रात्र झोप नाही, आणि हा माणूस..."

"लट्टू!" टोले आणि ताई एकदम ओरडले. उस्तादने लट्टू सावरला.

दोर चाकापाशी पोचून पुरा व्हायला आणखी सहा मिनिटं लागली.  सुतं गुणगुणत होती आणि गाडीवरच्या बाई अधूनमधून चष्मा पुसत होत्या. उस्तादने शेवटची गाठ मारली, दोर हातावर तोलून पाहिला आणि म्हणाला, "एक नंबर." मग शहाण्यासारखा आजोबांची तसबीर पुसायला निघून गेला.

ताई चाक सोडून चालत आली. ती लांबलचक शेड तिला कधी एवढी लांब वाटली नव्हती. टोले गाडी धरूनच उभे होते, आता धरायची काही गरज नव्हती तरी.

"तोंडाने विचारता येत नव्हतं?" ताई म्हणाली.

"प्रयत्न केला. दर वेळी सुरुवात करायचो, तर तुम्ही चहा टाकायचात." टोलेंनी शर्टावरचा ताग झटकला. "अर्जात शंभर शब्दांची मर्यादा होती. म्हणून जमलं."

लग्न हा विषय ताईने टपालाच्या शिक्क्यांखाली कधीच दाबून टाकला होता. विशीत बाप गेला, तिशीत आई अंथरुणाला खिळली, चाळिशीत लोकांनी विचारणं सोडलं. साठाव्या वर्षी असं काही होईल, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याचा फॉर्म परत केला असता.

"माझ्या भावाच्या दोराला पुन्हा दगड लावणार नाही, असं लिहून द्या," ती म्हणाली.

"देतो."

"मग चालेल मला. अहो, रडताय काय!"

"अहो म्हणाली!" तसबिरीआडून उस्ताद किंचाळला. खरं तर ताई टोलेंना वर्षानुवर्षं अहोच म्हणत होती, पण त्या दिवशी ते शेडभर वेगळंच घुमलं. तपासनीस बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण सरकारी कामावर आहोत हे आठवून थांबवल्या.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या आणि बॅगेतून नियमांची पुस्तिका काढली. "एका जागेचे तीन अर्ज, तिन्ही बाद. पण..." त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "अहवाल लिहायच्या आधी अर्जदारांनी स्वतः सही करून जादा अर्ज मागे घेतले, तर राहिलेला ग्राह्य. मी अहवाल उद्या सकाळी लिहिते. कुठला ठेवायचा?"

टोलेंनी आपला अर्ज लगेच मागे घेतला. "माझं काम झालं," ते म्हणाले.

"ताईचा ठेवा," उस्ताद म्हणाला. "तिचा बिनचूक असणार."

ताईने हात पुढे केला. "तुझा बघू."

बाईंनी वारशाची फाईल दिली. उस्तादचं अक्षर तागासारखं, इकडे तिकडे निसटलेलं. ताईने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, बहिणीवरचं ते कलम वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काउंटरवर असती तर या कागदावर तिने निदान नऊ चुका दाखवल्या असत्या. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"माझा मागे घ्या," ती म्हणाली. "याचाच ठेवा. माझ्या अर्जात सगळं आहे, पण कारखाना नाही. बाबू, उधारीचं तुला कधीपासून माहीत होतं?"

लहानपणीचं नाव ऐकून उस्तादने मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून. दुकानदाराने माझ्या हातात पावती दिली होती."

बाई निघाल्या तेव्हा बूट हातात होते आणि पायात उस्तादच्या चपला, दीडपट मोठ्या. तशाच त्या फटक फटक करत बाजारातून गेल्या.

अनुदान मंजूर झालं, मागितलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. छप्पर झालं, चाकाला नवे दाते बसले. शिकायला दोघंजण ठेवायची होती, एकीपुरतीच सोय झाली. ती पूर्वी बस चालवायची. तिचे दंड बघून उस्तादने पहिल्या दिवशीच तिच्या हाती लट्टू दिला, आणि महिन्याभरात ती त्याच्या चुका काढू लागली. त्याला इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

ताई आणि टोलेंनी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. ताईने फॉर्म भरताना जन्मतारखेच्या रकान्यात गाव लिहिलं आणि गावाच्या रकान्यात तारीख. कारकुनाने तो परत केला. तिने तो दुसऱ्यांदाही चुकवला, तेव्हा टोलेंनी पेन काढून घेतलं.

तिथून दोघं थेट मनोऱ्यावर गेली. एकशे चार पायऱ्या. ताई आयुष्यभर या मनोऱ्याला दोर पुरवत आली होती, पण वर कधी चढली नव्हती. नवे दोर छतातून खाली लोंबत होते. टोलेंनी सर्वांत मोठ्या घंटेचा दोर तिच्या हाती दिला आणि समजावलं, "ओढायचं, आणि घंटा वर जायला लागली की हात सैल सोडायचा. घट्ट धरून ठेवायचं नाही. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली.

तिने ओढलं. वरून असा काही दणका आला की तिच्या दातांत झिणझिण्या आल्या. घंटा उलटली, दोर सरसरत वर निघाला, आणि ताईला तो सोडवेना.

"सोडा! अहो, सोडा!" टोले ओरडले.

ताईच्या टाचा उचलल्या, मग चवडे, आणि नव्या साडीसकट ती चक्क हातभर हवेत गेली, किंचाळत आणि हसत. टोलेंनी धावत येऊन तिच्या कमरेला विळखा घातला. खाली चौकात लोकांनी मनगटावरची घड्याळं पाहिली, सव्वाअकराला घंटा कशी म्हणून मान वर केली, आणि तेवढ्यात दुसरा टोला पडला.